पिस्तूल खडखडतंय: कुठली ढिलाई चालते, कुठली नाही

तक्रारी साधारण याच असतात. पिस्तूल हलवलं की आतून खडखड ऐकू येते. स्लाइड, म्हणजे मागेपुढे होणारा वरचा भाग, बंद असताना बोटांनी डावी-उजवीकडे ढकलली तर सरकते. नळीचं तोंड धरून हलवलं तर हलतं. पूर्वी मुठीत मावणारा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा घोळका) आता तळहाताएवढा पसरतो, किंवा ग्रुप तसाच घट्ट असतो पण एका बाजूला जातो. पुंगळ्या पूर्वी दोन मीटरवर पडायच्या, आता पार शेजारच्या लेनमध्ये जातात. स्लाइड कधीकधी शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे जात नाही. आणि सर्वांत गंभीर: हॅमर (घोडा) कॉक झाल्यावर, म्हणजे मागे अडकवल्यावर, स्वतःहून खाली येतो, किंवा एका दाबात दोन गोळ्या सुटतात.

शेवटचं लक्षण दिसलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. मॅगझिन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं करा, पिस्तूल बंद ठेवा आणि परवानाधारक गनस्मिथकडे द्या. बाकी सगळ्या लक्षणांचा शोध घरच्या टेबलावर बराच लागतो.

आधी एक गोष्ट पक्की करा

खडखड हा दोष नाही. ढिलाई नेमकी कोणत्या दोन भागांमध्ये आहे, हा प्रश्न आहे. निशाण्याच्या दृष्टीने एकच जोडी महत्त्वाची: नळी आणि साइट (नेम धरायच्या खुणा). गोळी सुटताना या दोन गोष्टी दर वेळी एकमेकींच्या संदर्भात त्याच जागी येत असतील, तर बाकी पिस्तूल कितीही वाजलं तरी ग्रुपला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे आपलं पिस्तूल कोणत्या बांधणीचं आहे ते आधी बघा.

१९११ (साल नव्हे, अमेरिकी पिस्तुलाचं मॉडेल), ब्राउनिंग हाय-पॉवर, ग्लॉक या जातीच्या पिस्तुलांत नळी मागून वर उचलली जाऊन स्लाइडमध्ये अडकते, आणि साइट स्लाइडवरच असतात. गोळी सुटेपर्यंत नळी, स्लाइड आणि साइट एकच तुकडा असल्यासारखे असतात. फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, त्यांच्याखाली थोडी हलली तर ती तिघांनाही सारखीच हलवते. म्हणून या पिस्तुलांत स्लाइड आणि फ्रेममधला प्ले, म्हणजे ढिलाई, सर्वांत जास्त जाणवतो आणि सर्वांत कमी नडतो. ग्लॉकच्या पॉलिमर फ्रेममध्ये तर स्टीलच्या चार छोट्या पट्ट्यांवर स्लाइड धावते. ती नवीकोरी असतानाही हलते आणि हलायलाच हवी.

आपल्याकडच्या परवानाधारकांकडे असतात ती ०.३२ ची पिस्तुलं, आयुध निर्माणीचं अशनी किंवा जुनी विलायती, ब्लोबॅक पद्धतीची, म्हणजे नळी आणि स्लाइड एकमेकांत न अडकणारी, असतात. त्यांत नळी फ्रेमशी जोडलेली आणि साइट स्लाइडवर. म्हणजे इथे स्लाइड डावीकडे सरकली की साइट सरकते, नळी जागेवरच राहते. त्यामुळे लोकांचा समज असतो त्याच्या उलट, या लहान पिस्तुलांतच स्लाइडचा प्ले निशाण्यात थेट उतरतो.

तिसरा प्रकार २५ मीटरच्या स्पर्धेतल्या ०.२२ पिस्तुलांचा. पार्डिनी, रुगर मार्क मालिका, स्मिथ अँड वेसन ४१ यांत नळी आणि साइट एकाच घट्ट जोडलेल्या भागावर असतात, आणि मागेपुढे होणारा बोल्ट किंवा स्लाइड साइटला हात लावत नाही. बोल्ट हलतो म्हणून अशा पिस्तुलाची काळजी करणं व्यर्थ आहे. साइटचा स्क्रू हलतोय का ते बघा.

आकड्यांत सांगायचं तर, १९११ ची नळी ५ इंची, म्हणजे १२७ मिमी. तिचं तोंड साइटच्या तुलनेत ०.१ मिमी इकडेतिकडे झालं तर २५ मीटरवर गोळी साधारण २० मिमी सरकते. स्पर्धेच्या २५ मीटर प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं असतं, म्हणजे हा फरक मोठा आहे. याउलट दोन साइटमध्ये १३० मिमी अंतर असलेल्या ०.३२ पिस्तुलाची बॅकसाइट तेवढीच सरकली तर १० मीटरवर ८ मिमीसुद्धा फरक पडत नाही. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाला एवढ्याने काहीही होत नाही.

टेबलावर बसण्यापूर्वी

मॅगझिन काढा. स्लाइड मागे ओढून धरा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. मग काडतुसं त्या खोलीबाहेर ठेवा. मॅगझिन आधी, चेंबर नंतर, हा क्रम चुकवू नका. आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं तर स्लाइड पुढे जाताना वरचं काडतूस चेंबरमध्ये चढलेलं असतं.

पहिली तपासणी: सुरक्षा (फुकट, दोन मिनिटं)

ढिलाईच्या यादीत लोक ही कधीच धरत नाहीत, आणि माझ्या मते हिच्याशिवाय बाकी सगळं निरर्थक आहे. सीअर (हॅमरला अडवून धरणारा तुकडा) आणि हॅमरच्या खाचेतली झीज दिसत नाही, वाजत नाही आणि ग्रुपमध्येही कळत नाही. ०.२२ पिस्तुलात चेंबरमध्ये प्लॅस्टिकचं डमी काडतूस घालूनच हे करा. रिमफायरमध्ये, म्हणजे बुडाच्या काठावर ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या पिस्तुलात, फायरिंग पिन (ठोका देणारी सुई) चेंबरच्या काठावर आदळते, तिथे ओरखडा उठतो आणि पुढे पुंगळी अडकायला लागते.

हॅमर कॉक करा, सेफ्टी लावा, ट्रिगर नेहमीपेक्षा जरा जोरात दाबा, सोडा. आता ट्रिगरला बोट न लावता सेफ्टी काढा. हॅमर तसूभरही हलता कामा नये. मग हॅमर कॉक ठेवून मागून अंगठ्याने पुढे ढकला. नेहमीच्या दाबाने तो निसटला तर सीअरची पकड गेली आहे. तिसरं, स्लाइड साधारण ६ मिमी मागे धरून ट्रिगर दाबा आणि दाबलेलाच ठेवून स्लाइड सोडा. हॅमर पडायला नको, ट्रिगरला सीअरपासून तोडणाऱ्या डिसकनेक्टरचं कामच ते आहे. १९११ मध्ये ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागची कळ) न दाबता ट्रिगर ओढून बघा, तेव्हाही हॅमर पडायला नको. ज्या पिस्तुलांत हॅमर आतच असतो त्यांच्या तपासणीची पद्धत मॅन्युअलमध्ये असते, ती वापरा.

यातली एक जरी तपासणी नापास झाली तरी थांबा. सीअर घरी घासून 'ट्रिगर हलका' करायचा प्रयत्न करू नका. त्याची कडक केलेली वरची पातळ कातडी घासली गेली की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं, आणि मग काही शे गोळ्यांत पकड निसटते.

दुसरी: काडतूस आणि हात

ग्रुप पसरला की दोष यंत्राला देण्याआधी काडतूस बदलून बघा. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून, एकाच लॉटची दहा काडतुसं, त्याच टार्गेटवर, मग दुसऱ्या लॉटची दहा. एकाने ग्रुप जमला आणि दुसऱ्याने फुटला तर पिस्तूल उघडायची गरजच नाही. बुडावर केएफचा शिक्का असलेली खडकीची काडतुसं अनेकांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांचा लॉट आणि वर्ष वेगळं ठेवा, मिसळू नका. पावसाळ्यात ओल लागलेल्या, हिरवट डाग पडलेल्या काडतुसांवरून पिस्तुलाचा न्याय करू नका आणि ती झाडूही नका.

मग दुसऱ्या अनुभवी नेमबाजाला तीच दहा काडतुसं झाडू द्या. त्याचा ग्रुप नीट आला तर ढिलाई कुठे आहे ते कळलंच.

तिसरी: स्क्रू आणि साइट

ग्रुप घट्ट आहे पण एका बाजूला सरकलाय, ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक पिस्तुलांत बॅकसाइट हललेली निघते. बॅकसाइट स्लाइडच्या आडव्या खाचेत ठोकून बसवलेली असते, काहींत वर बारीक स्क्रू असतो. अंगठ्याने दोन्हीकडून दाबून बघा. मग साइटच्या कडेपासून स्लाइडवर येईल अशी पांढऱ्या पेंट मार्करची किंवा नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. पन्नास गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर चोर सापडला. १९११ मध्ये दोन साइटमधलं अंतर साधारण १६५ मिमी. त्यात बॅकसाइट ०.१ मिमी सरकली की २५ मीटरवर १५ मिमीचा फरक.

जुन्या १९११ मध्ये फोरसाइट खालून ठोकून, रिव्हेट केल्यासारखी बसवलेली असते. ती ढिली झाली तर एक दिवस उडूनच जाते. तीही हलवून बघा.

ग्रिपचे स्क्रूही बघा. १९११ मध्ये ग्रिपचा स्क्रू ज्या बुशिंगमध्ये (बारीक नळकांड्यात) बसतो ते बुशिंगच कधीकधी फ्रेममधून सुटतं. मग स्क्रू घट्ट असतो आणि ग्रिप तरीही हलते. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप आपल्या हवेत फुगतात आणि आक्रसतात. मे महिन्यात घट्ट असलेली ग्रिप जुलैत कुरकुरते. स्क्रूला निळं, म्हणजे काढता येण्यासारखं लॉकटाइट (स्क्रू जखडणारा गोंद) पुरतं. लाल लावू नका. ते सोडवायला उष्णता द्यावी लागते, आणि त्यात स्लाइडचा रंग जातो.

चौथी: सफाई आणि तेल

कोरडं पिस्तूल जास्त वाजतं. रेल्सवर, म्हणजे स्लाइड धावते त्या पट्ट्यांवर, तेलाचा पातळ थर असला की तोच थोडी जागा भरतो आणि ठोकाही झेलतो. पूर्ण खोला, सॉल्व्हंटने जुनं चिकटलेलं तेल काढा, पुसा. मग दोन्ही रेल्सवर प्रत्येकी एक थेंब, नळीच्या तोंडाजवळ बाहेरून एक थेंब, आणि नळी जिथे वर येऊन स्लाइडमध्ये अडकते त्या खाचांना एक थेंब. फायरिंग पिनच्या भोकात तेल घालू नका. तिथे ते मळ धरतं आणि प्राइमरवरचा (काडतुसाच्या बुडातल्या टिकलीवरचा) ठोका मंदावतो.

आपल्याकडच्या ०.३२ पिस्तुलांबद्दल इथे थोडं जास्त सांगायला हवं. परवान्यावर मिळणारी काडतुसं मर्यादित असतात, त्यामुळे यातली बरीच पिस्तुलं वर्षाला पन्नास गोळ्याही झाडत नाहीत. एवढ्या वापराने स्टील झिजत नाही. असं पिस्तूल दहा वर्षांत 'ढिलं झालंय' असं वाटलं तर ते बहुधा पहिल्या दिवसापासून तसंच होतं. या पिस्तुलांचा खरा शत्रू गंज आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळाभर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं पिस्तूल बाहेरून चकचकीत आणि ग्रिपखाली तांबूस निघतं. चामडं ओल धरून ठेवतं आणि ती लोखंडाला टेकलेलीच राहते. ग्रिप काढून बघा, मॅगझिनच्या विहिरीत टॉर्च मारा, मॅगझिन कॅचची स्प्रिंग बघा. होल्स्टर वापरायला असतो, साठवायला नाही. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, तेल लावलेल्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, आणि पुडी पावसाळ्यात महिन्याला बदला किंवा वाळवा.

पाचवी: मॅगझिन

काडतूस अर्धवट चढणं, नाक वर करून अडकणं, याचा दोष लोक ढिल्या स्लाइडला देतात आणि निघतं मॅगझिन. मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ लिहा. अडकण्याची प्रत्येक वेळ कोणत्या नंबरवर आली ते टिपा. एकाच नंबरवर येत असेल तर ते मॅगझिन बाद करा. त्याच्या ओठांना पक्कडीने वाकवत बसू नका.

०.३२ एसीपीमध्ये आणखी एक गोष्ट. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन जाम होतं. हा भरण्यातला दोष आहे, झीज नव्हे. लांबीला आखूड असलेली काडतुसं मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकतात, तेव्हा हे जास्त होतं.

सहावी: रिकॉइल स्प्रिंग

स्लाइडला परत पुढे ढकलणारी ही स्प्रिंग. पैसे खर्च होतात ती ही पहिली पायरी. अमेरिकेत १९११ ची स्प्रिंग दहाएक डॉलरला मिळते, म्हणजे काडतुसांच्या एका डब्यापेक्षाही स्वस्त. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त पिस्तुलं हिच्याकडे दुर्लक्ष केल्यानेच झिजली आहेत. स्प्रिंग थकली की स्लाइड वेगाने मागे येऊन फ्रेमवर आदळते. प्रत्येक गोळीला थोडं थोडं ठोकलं जातं आणि स्टील पसरतं. ग्रुप आज बिघडत नाही. काही हजार गोळ्यांनंतर बिघडतो, आणि तोवर फ्रेमचं नुकसान झालेलं असतं.

०.४५ च्या ५ इंची १९११ ला मूळ स्प्रिंग १६ पौंडाची. साधारण २००० ते ३००० गोळ्यांना बदलावी. हाय-पॉवरला १७ पौंड. बेरेटा ९२ ची ५००० च्या आसपास बदलतात. नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी करा, बुटकी झालेली लगेच दिसते. खुणा दोन: पुंगळ्या चार-पाच मीटर दूर उडतात आणि स्लाइड शेवटचे काही मिलिमीटर आळसटून बंद होते. ग्लॉकमध्ये तपासायची सोपी रीत आहे. रिकामं पिस्तूल घ्या, ट्रिगर दाबून धरा, नळी वर ४५ अंशांत करा, स्लाइड पूर्ण मागे ओढून हाताने हळू पुढे सोडा. स्लाइड पूर्ण बंद न होता थबकली तर स्प्रिंग संपली.

जास्त ताकदीची स्प्रिंग घालून फ्रेम वाचवायची, हा सल्ला ऐकू नका. १६ च्या जागी २० पौंडाची घातली तर स्लाइड मागे हळू येते हे खरं, पण पुढे तितक्याच जोराने आदळते आणि तो मार नळीच्या खालच्या पायांवर आणि स्लाइड स्टॉपच्या पिनवर बसतो. याच कारणाने रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नये. काडतूस चढवताना स्लाइडचा वेग मोडतो, रिकाम्यावर मोडत नाही. स्लाइड हाताने धरून बंद करा.

सातवी: नळी जागेवर बसते का

इथवर सगळं ठीक निघालं आणि ग्रुप तरीही पसरतोय, तर आता नळीकडे या. तपासणी नेहमी स्लाइड पूर्ण बंद ठेवून करा. स्लाइड अर्धी उघडी ठेवून हलवली तर प्रत्येक पिस्तूल ढिलं वाटतं, आणि त्याला काही अर्थ नाही.

पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून नळीचा मागचा भाग दिसतो. त्यावर अंगठा ठेवून सरळ खाली दाबा. खाली गेला आणि सोडल्यावर वर आला, तर नळीला खालून आधार कमी पडतोय. साध्या, फौजी मापाच्या १९११ मध्ये अगदी थोडा दाब चालून जातो. डोळ्याला स्पष्ट दिसेल एवढा असेल तर २५ मीटरवर ग्रुप वर-खाली पसरणारच. मग नळीचं तोंड धरून चारी बाजूंनी हलवा. १९११ मध्ये तोंडाजवळ नळीला धरणारं कडं, म्हणजे बुशिंग, असतं. स्पर्धेसाठी बसवलेल्या बुशिंगमध्ये नळीभोवती एक-दोन थाउचीच (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमीची मोकळीक असते. फौजी पिस्तुलात ती याच्या कितीतरी पट असते. व्हर्नियर पुरत नाही, मायक्रोमीटर हवा. बुशिंग ढिलं असणं हा बरा होणारा, स्वस्त दोष आहे. नवं बुशिंग नळीला बसवून घेतलं की ग्रुपमध्ये सुधारणा बहुतेक वेळा लगेच दिसते.

१९११ मधल्या लिंकबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे बरीच पिस्तुलं 'दुरुस्ती'नेच बिघडतात. नळीच्या खाली एक छोटी दुव्याची पट्टी असते. स्लाइड मागे जाताना हीच नळीला खाली ओढून स्लाइडमधून सोडवते. तिच्या दोन भोकांमधलं मूळ अंतर ०.२७८ इंच. नळी खाली दबतेय म्हणून लोक जास्त लांब लिंक घालतात. नळी वर ढकलली जाते आणि पिस्तूल टेबलावर एकदम घट्ट वाटतं. पण आता नळी आपल्या पायांवर न बसता लिंकवर टेकून उभी असते, आणि सुटण्याची वेळही बिघडते. सुटायला उशीर झाला की नळीवरचे लॉकिंग लग (अडकणारे उंचवटे) स्लाइडमध्ये अडकलेले असतानाच मार बसतो. कडा गोल होतात, किंवा खालचे पाय तुटतात.

घरी एवढंच बघा: स्लाइड बाजूला काढून नळी एकटी फ्रेममध्ये ठेवा, स्लाइड स्टॉपची पिन लिंकमधून घाला आणि नळी मागे सरकवा. ती फ्रेमच्या पाळण्यात सपाट बसली पाहिजे आणि लिंक किंचित मोकळी राहिली पाहिजे. लिंक ताणली जाऊन नळी तिच्यावर लटकत असेल तर ते गनस्मिथचं काम. स्लाइड स्टॉपची पिन साधारण ०.२०० इंच जाडीची असते. तिच्यावर नख अडकेल असा सपाट खड्डा पडला असेल तर ती बदला.

लॉकिंग लग भिंगातून बघा. पुढच्या बाजूला एकसारखी चमक असणं निरोगी आहे, तिथेच भार येतो. कडा गोल झालेली, धातू वळून पुढे आलेला, किंवा चमक एकाच बाजूला असणं चांगलं नाही. झाडलेल्या पुंगळीचा प्राइमरही बोलतो. फायरिंग पिनच्या खुणेला वर किंवा खाली लांब शेपटी ओढलेली दिसली तर पिन अजून प्राइमरमध्ये असतानाच नळी खाली जायला लागली आहे. छोटी शेपटी १९११ मध्ये नेहमीचीच.

आठवी: रेल्स

मुद्दाम शेवटी ठेवलंय. सगळ्यांना पहिलं तेच दिसतं. ढिल्या रेल्सला घाबरायचं कारण नाही, याचा पुरावा १९११ च्या जन्मातच आहे. मार्च १९११ मधल्या अमेरिकी लष्कराच्या चाचणीत जॉन ब्राउनिंगच्या या पिस्तुलाने ६००० गोळ्या एकाही अडथळ्याशिवाय झाडल्या. चिखल, वाळू आणि काजळी यांना जागा मिळावी आणि एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बसावा म्हणून फौजी १९११ मोकळ्या मापाने बनवत. त्यामुळे जुनं फौजी १९११ खडखडतं. त्यावरून ते झिजलंय असं सिद्ध होत नाही.

आजचा प्ले किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, ते महत्त्वाचं. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) स्लाइड आणि फ्रेममधली फट पुढे आणि मागे मोजा, वहीत तारीख, आकडा आणि आतापर्यंतच्या गोळ्या लिहा. दर हजार गोळ्यांनी परत मोजा. तीन-चार नोंदींत आकडा स्थिर असेल तर विषय संपला. नवी स्प्रिंग घालूनही वाढत असेल तर ठोका कुठे बसतोय ते शोधायला हवं.

रेल्स घट्ट करण्याचे जुने उपाय आहेत: स्लाइड व्हाइसमध्ये दाबणं, फ्रेमची रेल हातोडीने ठोकून पसरवणं. स्पर्धेची पिस्तुलं बनवणारे कसलेले कारागीर हे करत आले आहेत, मोजून आणि मग लॅप करून, म्हणजे बारीक घासून बसवून. घरी किंवा लेथच्या दुकानात हे करू नका. वेल्डिंग करून रेल भरणं तर नाहीच. त्या उष्णतेने स्टीलचं टेंपर जातं आणि वरून ते दिसत नाही.

तडे

तडा शोधायला महागडं यंत्र लागत नाही. भाग सॉल्व्हंटने धुऊन कोरडा करा. संशयाच्या जागी पातळ तेल किंवा केरोसीन लावा, दहा मिनिटं थांबा, पूर्ण पुसा, मग पांढऱ्या खडूची पूड भुरभुरा. तड्यात शिरलेलं तेल पूड शोषते आणि बारीक काळी रेघ उठते. १० पटीचं भिंग आणि बाजूने मारलेला टॉर्च घेऊन या जागा बघा: पुंगळीच्या खिडकीचे कोपरे, नळीचे खालचे पाय, फ्रेमच्या पुढच्या भागात जिथे रेल संपते तो कोपरा, आणि स्लाइड स्टॉपच्या भोकाच्या वरची रेल. १९८७ मध्ये कोल्टने १० मिमीचं डेल्टा एलिट आणलं तेव्हा ती शेवटची जागा तडकायला लागली, आणि कोल्टने पुढे तिथला रेलचा तुकडाच कापून टाकला. म्हणून नुसत्या त्या एका तड्याने घाबरून जाऊ नका, पण निर्णय गनस्मिथला घेऊ द्या. बेरेटा ९२ मध्ये नळीखालच्या लॉकिंग ब्लॉकचे दोन 'कान' तडकतात. स्लाइडचा तडा मात्र कधीच किरकोळ नसतो. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यातल्या काही बेरेटांच्या स्लाइड तुटून मागचा तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आला. म्हणूनच ९२एफएसमध्ये हॅमरच्या पिनचं डोकं मोठं करून तुटलेली स्लाइड अडवण्याची सोय केली गेली.

कुठे थांबायचं

सुरक्षा तपासणी नापास, कुठेही तडा, लॉकिंग लगच्या गोल कडा, लिंकवर लटकणारी नळी, फुगलेली किंवा बुडाशी फाटलेली पुंगळी, एका दाबात दोन गोळ्या: यातलं काहीही असेल तर पिस्तूल पुन्हा झाडू नका, 'एकदाच बघतो' म्हणूनही नाही. हेडस्पेस (बंद चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) गो आणि नो-गो गेजनेच मोजतात, तेही गनस्मिथकडचं काम. सरकारी ९ मिमी १ए, म्हणजे ईशापूरला बनणारं हाय-पॉवर, ज्यांच्या कमरेला आहे त्यांनी नेहमीच्या सफाईपलीकडे काहीही स्वतः करू नये. ते आर्मोररचंच, म्हणजे दलातल्या शस्त्र-कारागिराचंच, काम आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. ओळखीचा टर्नर किंवा फिटर कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात पिस्तूल देऊ नका. अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्यांना भाग सहज मिळतात, पण थांबायच्या जागा त्यांनाही याच लागू आहेत.

गनस्मिथकडे जाताना पिस्तूल रिकामं, मॅगझिन वेगळी, सोबत काडतुसं नकोत. शस्त्र परवाना न्या. पावतीवर शस्त्राचा क्रमांक लिहून घ्या. 'ढिलं झालंय' एवढंच सांगू नका. एकूण किती गोळ्या झाल्या, स्प्रिंग कधी बदलली, कोणत्या काडतुसाने काय झालं, नळी कुठे दाबल्यावर हलते, हे कागदावर लिहून द्या, जोडीला टार्गेटचे फोटो आणि चार झाडलेल्या पुंगळ्या. त्याने स्वतः टेस्ट फायर करून टार्गेट द्यावं असं आधीच ठरवा, आणि बदललेले जुने भाग परत मागा. पिस्तूल परत आल्यावर सुरक्षेची पहिली तपासणी दुकानातच, त्याच्यासमोर करा. मग साइटवर नवी पांढरी रेघ मारा, पन्नास गोळ्यांनंतर ती आणि सगळे स्क्रू बघा, आणि फिलर गेजचा नवा आकडा वहीत लिहा.